उचलणं आणि ठेवणं



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. मंदिरात दोघीतिघींनी विचारलंही, "अहो, लोणच्याचं लिहिणार होतात ना?" लोणच्याचं लिहून तयार होतं, पण ते ज्या कॉम्प्युटरवर होतं तो बंद पडला. बंद पडला असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे तो मी पाडला. एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर यायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांची भरपाई काही झाली नाही. म्हणून आज लोणचं राहू दे, हेच सांगते.

आषाढातली गोष्ट. चातुर्मास लागायच्या आधी आपण सगळ्याच घर झाडून काढतो. एकदा पाऊस लागला की कानाकोपऱ्यात जीव वाढतात, मग झाडायला हात उचलत नाही. त्या दिवशी दुपारी माळा झाला, फडताळं झाली, आणि शेवटी कॉम्प्युटरचं टेबल राहिलं. टेबलाखालच्या फळीवर तो काळा डबा असतो, ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. मागे धूळ, वायरींचा गुंता, आणि बाजूच्या जाळीत एक कोळी घर करून बसलेला.

स्क्रीन काळी होती, म्हणून कॉम्प्युटर बंद आहे असं मी धरून चालले. बाहेर पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की पंख्याचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. वायरी न काढताच डबा पुढे ओढला. एका हातात फडकं, एका हाताने ओढणं. तो फळीच्या काठावर आला, कलंडला आणि कोपऱ्यावर फरशीवर आपटला. फार उंचावरून नाही, असेल दीड-दोन विती. मागची वायर निसटली आणि आतून घूंऽऽ करत काहीतरी थांबत गेलं. तेव्हा मला कळलं की तो चालू होता.

आता तो बाजूला ठेवून गप्प बसायला हवं होतं. पण आपला स्वभाव! पडलाच आहे तर साफ तरी करू, म्हणून बाजूचं झाकण उघडलं. सगळ्यात आधी त्या कोळ्याला कागदावर घेतलं, अगदी जपून, आणि परसातल्या जाईवर नेऊन सोडलं. मग कोरड्या ब्रशने धूळ काढली. दोन हिरव्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या दिसल्या. त्याला रॅम म्हणतात एवढं माहीत होतं. त्या ओढून काढल्या, पदराने पुसल्या आणि परत दाबून बसवल्या. झाकण लावलं, फरशी पुसली. फरशीचा एक बारीक टवका उडाला होता. तो पायपुसण्याखाली झाकला.

संध्याकाळी हे दुकानातून आले. सूर्यास्ताआधी जेवणं झाली आणि ते रोजच्यासारखे हिशोब भरायला बसले. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. आतून लांब लांब बीप. बंद करून परत चालू केला. परत तेच. पाच-सहा वेळा झालं.

"काल रात्री यावर कोण बसलं होतं?" ह्यांनी विचारलं.

आमचा धाकटा नववीत आहे. आदल्या रात्री तोच खेळत बसला होता, आणि त्यावरून बोलणीही खाल्ली होती. तो म्हणाला, "मी नीट बंद करून उठलो होतो." ह्यांना ते पटलं नाही. बोलणं वाढलं. महिनाभर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, रविवारचं क्रिकेट बंद, असा निकाल लागला. मी ओट्यापाशी उभी होते. हातातलं भांडं दोनदा विसळून झालं होतं, तरी विसळत होते. मनात म्हणत होते, आत्ता सांगितलं तर भांडण वाढेल, उद्या शांतपणे सांगू. मैत्रिणींनो, ही 'उद्या सांगू' नावाची जागा फार सोयीची असते. तिथे माणूस खोटंही बोलत नाही आणि खरंही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी बोलले नाहीच. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या दुकानातला दुरुस्तीचा मुलगा आला. पंचविशीतला, बोलायला नम्र. पिशवी खाली ठेवून त्याने पहिला प्रश्न विचारला, "काकू, बंद पडायच्या आधी शेवटचं काय झालं होतं? हलवला होता? पडला? कुणी उघडला?"

हे समोर बसलेले. धाकटा दारात उभा. मी म्हणाले, "नाही बाई, काहीच नाही. आपोआपच बंद पडला."

त्याने मान डोलावली आणि कामाला लागला. त्याचं काम बघत राहण्यासारखं होतं. एकदम दहा गोष्टी हलवायच्या नाहीत, एका वेळी एकच बदल करायचा आणि परत चालू करून बघायचं, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. आपली आमटी बिघडली की आपण मीठ, चिंच, गूळ सगळं एकदम टाकतो आणि मग कशाने आणखी बिघडली ते कळत नाही, तसं नाही. आधी त्याने भिंतीतला प्लग दुसऱ्या वस्तूवर तपासला. मग यूपीएस काढून थेट वीज दिली. पंखा फिरतोय म्हणजे वीज आतपर्यंत येतेय. मग बीप कान देऊन ऐकले. हे बीप म्हणजे मशीनची तक्रार सांगायची भाषा, प्रत्येक कंपनीची वेगळी. पण असे लांब, थांबून थांबून येणारे बीप बरेचदा रॅमचे असतात, असं तो म्हणाला.

झाकण उघडल्यावर त्याने एका रॅमकडे बोट दाखवलं. एका बाजूची खिट्टी बसलीच नव्हती. पट्टी किंचित तिरकी होती. "हे आपोआप होत नाही," एवढंच म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला मान वर करवली नाही. दोन्ही पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने फिरवलं आणि भुगा झटकला. मग एकच पट्टी कडांनी धरून बसवली. दोन्ही खिट्ट्या टक् करून लागल्या. चालू केला. स्क्रीन आली! मग बंद करून दुसरी पट्टी बसवली. तीही चालली. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटले. आता सांगायची गरजच नाही.

पण स्क्रीनवर फक्त पांढरी इंग्रजी अक्षरं होती. हार्डडिस्क सापडत नाही, असा त्याचा अर्थ. तो म्हणाला, "वायर सैल असेल." वायर काढून घातली, चालू केला. नाही. नवी वायर लावली, चालू केला. आता खोलीत शांतता होती म्हणून आवाज ऐकू आला. आतून बारीक, टक्… टक्… टक्. भिंतीवरच्या घड्याळासारखा, पण अडखळत.

तो परत बटणाकडे हात नेणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "थांब. तो पडला होता. माझ्या हातून. चालू असताना."

त्याने मागची वायरच ओढून काढली. नंतर बोलला, तेव्हा आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द माझ्या लक्षात राहिला. "काकू, पडलाय म्हणाला असता तर मी सगळ्यात आधी हार्डडिस्कची वायर काढून ठेवली असती आणि मग रॅम बघितली असती. तुमच्या रॅमसाठी मी आठ वेळा मशीन चालू केलं. प्रत्येक वेळी ही पण फिरली."

मग त्याने समजावून सांगितलं. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात, मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या. त्यांच्यावर वाचणारं टोक तरंगत असतं. टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. बंद असताना ते टोक बाजूला जाऊन बसतं, म्हणून बंद डिस्क बरेच धक्के सोसते. पण फिरत असताना आपटली तर टोक चकतीवर घासतं. टोक बिघडलं की त्याला आपली जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन शोधतं, आणि तोच तो टक् टक् आवाज. अशा वेळी जितक्या वेळा चालू कराल तितके ओरखडे वाढण्याची भीती. ज्या जागी ओरखडा, त्या जागचं लिहिलेलं गेलं. ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

"त्यात काय होतं?" त्याने विचारलं.

ह्यांनी दुकानाचा हिशोब सांगितला. हिशोबाची प्रत सीएंकडे होती. थोरलीच्या लग्नाचे फोटो सांगितले. ते व्याह्यांकडेही होते. आणि मग आम्ही दोघं एकदमच गप्प झालो.

त्यात आत्याबाई होत्या. माझ्या सासूबाई. 2018 साली दिवाळीत माझ्या भाचीने त्यांना अंगणात बसवून फोनवर त्यांचा आवाज भरून घेतला होता. तीर्थंकरांचे पाळणे, जात्यावरच्या ओव्या, त्यांच्या माहेरच्या गावातल्या पंचकल्याणकाची हकिगत, आणि एकात तर नुसतीच मला हाक मारून सांगितलेली कैरीच्या लोणच्याची कृती. एकूण अकरा तुकडे. भाचीचा तो फोन पुढे हरवला. आत्याबाई 2021 साली गेल्या. अकरा तुकडे त्या डब्यात होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. मला हे माहीत होतं. दर वर्षी म्हणायचे, एकदा पेनड्राइव्हवर काढून घेऊ.

त्या मुलाने डिस्क काढली, चंदेरी पिशवीत घातली, फोममध्ये गुंडाळली आणि सांगितलं, घरी उघडू नका, कुणाला उघडू देऊ नका. इंटरनेटवर फ्रीजमध्ये ठेवा, थापटी मारा असले उपाय सांगतात, ते तर मुळीच करू नका. पुण्यात ज्या ठिकाणी हे काम करतात तिथे धूळमुक्त खोली असते. तिथे त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कमधलं टोक काढून हिला बसवतात आणि जेवढं वाचता येईल तेवढं एकदाच उतरवून घेतात.

तो गेल्यावर मी धाकट्यासमोर बसले. म्हटलं, "तू काही केलं नव्हतंस. मी पाडला. त्या रात्री तुला बोलणी बसत होती तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

तो म्हणाला, "मला माहीत होतं, आई."

"कसं?"

"पायपुसणं सरकलं होतं. फरशीचा टवका दिसला. डब्याचा एक पायपण तुटलाय."

"मग बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हटलं, तू सांगशील."

मैत्रिणींनो, मी रविवारी पाठशाळेत मुलांना शिकवते हे तुमच्यातल्या कित्येकींना माहीत आहे. त्याच्या आदल्याच रविवारी मी पाच समित्या शिकवल्या होत्या. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण, उत्सर्ग. मुलांकडून घोकून घेतल्या. आदान-निक्षेपण म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहून, जपून उचलणं-ठेवणं. मुनिमहाराज कमंडलू ठेवायच्या आधी पिंछीने ती जागा हळूच झाडतात, ते यासाठीच, असं मी हातवारे करून दाखवलं होतं. माझा मुलगा पहिल्या रांगेत बसून ऐकत होता.

मी कोळ्याला जपलं, त्याबद्दल मला समाधानच आहे. पण त्याच हातांनी वस्तू न बघता ओढली, आणि त्याच तोंडाने मुलाला दोन दिवस दोषी ठरू दिलं. ज्याला आपण प्रमाद म्हणतो, तो काही मोठं पाप करताना होत नाही. एका हातात फडकं आणि एका हाताने ओढणं, एवढाच तो असतो. पडणं चुकून झालं. झाकणं चुकून झालं नाही. परवा क्षमावणीला सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणताना हेच मनात येत होतं. 'जाणता-अजाणता' म्हणताना आपण आपलं जाणता केलेलं अजाणतामध्ये हळूच मिसळून टाकतो. बरं झालं की या एका गोष्टीसाठी मी क्षमावणीपर्यंत थांबले नाही.

तीन आठवड्यांनी पुण्याहून निरोप आला. साडेअकरा हजार रुपये लागले. फोटो बहुतेक सगळे आले. अकरा तुकड्यांपैकी सात आले. चार नाही आले. आलेल्यांत पाळणे आहेत, पंचकल्याणक आहे. गेलेल्यांत लोणच्याची कृती आहे, ज्यात त्या मला नावाने हाक मारत होत्या. ती कृती मला पाठ आहे. हाक आता कुठे मिळणार? ते चार तुकडे पडण्याने गेले की नंतरच्या चालू-बंदने, हे त्या मुलालाही सांगता आलं नाही. मला ते कधीच कळणार नाही, आणि माझ्या गप्प बसण्याची खरी शिक्षा हीच.

आता तुमच्या कामाचं सांगते. यातलं बरंचसं त्याच मुलाने शिकवलं.

काळी स्क्रीन म्हणजे बंद कॉम्प्युटर नव्हे. आधी मेनूतून बंद करा, पंखा थांबेपर्यंत वाट पाहा, भिंतीतलं बटण बंद करा, मगच प्लग काढा. प्लग काढल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून ठेवा, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. सगळ्या वायरी सुटल्यावर दोन हातांनी, तळाला हात देऊन उचला आणि ठेवतानाही टेकेपर्यंत सोडू नका.

झाकण उघडावंच लागलं तर आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. आपल्या अंगात, विशेषतः सिंथेटिक साडी असेल तर, स्थिर वीज साठते. हाताला चटका जाणवतो तेव्हा ती साधारण 3000 व्होल्टपर्यंत गेलेली असते, पण आतले नाजूक भाग त्याच्या कितीतरी आधीच बिघडू शकतात. मी पदराने रॅम पुसली हे ऐकून तो हसला. म्हणाला, "पावसाळ्यात हवा ओली असते म्हणून वाचलात, हिवाळ्यात असतं तर सांगता आलं नसतं." ओलं फडकं नको, व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आत घालायचं नाही, मऊ कोरडा ब्रश पुरे. ब्रश मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. आणि वीज पुरवणारा जो बंद डबा आत असतो, एसएमपीएस, तो कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज राहते.

पडलाच, तर चालू करून बघू नका. काही होत नाही ना, हे बघायला म्हणून सुद्धा नाही. टक् टक् ऐकू आलं तर लगेच बंद. नव्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, ती धक्का जास्त सोसते, पण तीही एक दिवस अचानक जाऊ शकते. म्हणून जपायच्या गोष्टीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमचे सात तुकडे आता कॉम्प्युटरवर आहेत, पेनड्राइव्हवर आहेत आणि भाचीकडे बेळगावला आहेत.

आणि दुरुस्तीवाला विचारेल, शेवटचं काय झालं होतं, तेव्हा खरं सांगा. डॉक्टरला सांगतो तसं. घरच्यांसमोर सांगावं लागलं तरी सांगा.

गेल्या महिन्यात पाठशाळेत मी मुलांना ही गोष्ट सांगितली. धाकट्याला आधी विचारलं, सांगू का म्हणून. तो म्हणाला, "सांग, पण टवक्याचं पण सांग." सांगितलं. टवका अजून तसाच आहे. हे म्हणतात फरशी बदलून घेऊ. मी म्हटलं, राहू दे. पायपुसणं मात्र तिथून उचललं आहे.

आज दिवे लागायच्या आत एवढं एक करा. तुमच्या घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज एकाच फोनमध्ये आहे, तो दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि ज्यांचा अजून भरूनच घेतला नाही, त्यांच्याजवळ जाऊन बसा.

लोणच्याचं पुढच्या वेळी नक्की लिहिते.

जय जिनेंद्र.